तक्रार करणारा अस्तित्वात नाही

४ फेब्रुवारी

ठमे,

फोन करू नकोस. माझा फोन आणि कामाचा लॅपटॉप, दोन्ही चौकशीत जमा आहेत. शेजारणीच्या फोनवरून बोलले तर निम्म्या गल्लीला ऐकू जाईल. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावरही लिहीत नाही, खोलीवर लिहितेय. पोस्टातल्या बाईने तिकीट देताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कबूतर घेऊन आलेय.

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या अतिदक्षता विभागात बेड चारवरचा माणूस गेला. श्वासयंत्राची नळी सांध्यातून निसटली. असं झालं की मशीन बोंबलतं, दोन खोल्या पलीकडे ऐकू येतं. ते बोंबललं नाही. सिस्टर दुसऱ्या बेडवर होत्या, पाठमोऱ्या. त्या वळल्या तोवर सगळं संपलं होतं. माणूस एक्कावन्न वर्षांचा. बरा होत आला होता, दोन दिवसांत नळी काढणार होते.

त्या मशीनच्या घंटीचा स्पीकर गेलाय हे मी सप्टेंबरातच तपासून तक्रार नोंदवली होती. सुटा भाग मुख्य कार्यालयातून येतो आणि तक्रार नोंदवल्याशिवाय तो निघतच नाही, हे तुला माहीतच आहे. आता तुमच्या त्या कार्यालयाने चौकशी समितीला लेखी कळवलंय की या यंत्राबद्दल एकही तक्रार नोंदलेली नाही. खाली कुणा शहाण्याची सही आहे. नुसती एक आडवी रेघ आणि तिला शेपटी.

म्हणजे हिशेब असा, की सव्वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईने बिघडलेलं मशीन पाहिलं आणि ती गप्प बसली. मला कामावरून बाजूला केलंय. समिती चौदा मार्चला बसेल. वकील म्हणतात, तोवर तक्रार सापडली नाही तर प्रकरण पोलिसांकडे जाईल.

ते सॉफ्टवेअर तुझ्याच हाताखाली आहे ना? माझी तक्रार शोध. तारीख अकरा सप्टेंबर. आणि ती शेपटी कुणाची, तेवढंही कळव. भेटले कधी तर दोन शब्द बोलायचे आहेत.

तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस. तो लगेच गाडी काढून येईल आणि इथे बसून माझंच डोकं खाईल.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

पत्र काल मिळालं. आज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन शोधलं. तुझ्या नावाने, यंत्राच्या क्रमांकाने, शाखेने, सप्टेंबरातल्या एकेका तारखेने. नाही.

तुला वाटेल नीट शोधलं नाही, म्हणून सांगते. सॉफ्टवेअर आधीपासूनच होतं, मी त्याच्या खालचा डेटाबेस बदलला. पूर्वी नऊही हॉस्पिटलांच्या तक्रारी एकाच फाइलमध्ये पडायच्या. एक जण लिहीत असला की बाकीचे ताटकळायचे. ते फिरणारं चक्र आठवत असेल, त्याला तू किती शिव्या घातल्यास. दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचं पुसलंही जायचं. ऑक्टोबरात मी ते सगळं रिलेशनल डेटाबेसमध्ये हलवलं. आता वेगवेगळे तक्ते आहेत. माणसांचा एक, यंत्रांचा एक, तक्रारींचा एक, आणि त्यांची आपसांत नाती. तक्रारीच्या ओळीत माणसाचं नाव नसतं, फक्त त्याचा क्रमांक असतो. नाव माणसांच्या तक्त्यात. तो क्रमांक तिथे नसेल तर डेटाबेस ती ओळ आतच घेत नाही. बेवारशी काही राहत नाही. आता काही हरवत नाही, आत्या. त्यासाठीच तर चार महिने घासले.

म्हणून विचारते, आणि रागावू नकोस. तू ती नक्की नोंदवली होतीस ना? आपण एखादं काम करायचं ठरवतो, ते डोक्यात इतकं घोळतं की केल्यासारखंच वाटतं. माझं होतं असं. तुझ्या मागे पाच जणांच्या वर्कशॉपचं काम. त्या दिवशी कुणी हाक मारली असेल, तू उठली असशील.

तसं झालं असेल तर मला सांग. मला सांगायला काय हरकत आहे.

जेवतेस ना वेळेवर?

ठमी


१३ फेब्रुवारी

आठ वर्षांची होतीस तेव्हा माझ्या वर्कशॉपात टेबलाखाली बसून माझे स्क्रू चोरायचीस. मी तुला कधी विचारलं नाही, नक्की घेतलेस का म्हणून. हात पुढे कर म्हणायचे, तू करायचीस.

मी तक्रार नोंदवली आहे. केल्यासारखं वाटत नाही. केली आहे.

शेपटीचं तू काहीच लिहिलं नाहीस.


१५ फेब्रुवारी

ठमे,

परवाचं पत्र टाकून आले आणि दोन दिवस घरात भुतासारखी फिरतेय. तुला हात पुढे कर म्हटलं आणि माझाच मागे ठेवला. तेव्हा ऐक. वकिलालाही हे सांगितलेलं नाही.

तक्रार माझ्या नावाने नाही. बुवांच्या नावाने आहे.

बुवा म्हणजे आमचे जुने टेक्निशियन, निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. आमचे लॉगिन दर तीन महिन्यांनी बंद पडायचे. बंद पडला की तुमच्याकडे अर्ज, अर्जाला दोन महिने. बुवांचा मात्र कधी बंद पडला नाही. का, ते तुम्हालाच ठाऊक. ते गेले, लॉगिन राहिला. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असायचा. कुणाला काही नोंदवायचं असलं की आम्ही विचारायचो, "आज बुवांच्या अंगात कोण येतंय?" सगळे हसायचे. दीड वर्ष पाचही जणांनी बुवा होऊनच काम केलं. खाली आपलं नाव लिहायचं नाही, असं ठरलेलं. नियमाविरुद्ध होतं, म्हणून.

ऑक्टोबरात तुमचं नवं आलं आणि बुवा बंद झाले. आमचे स्वतःचे लॉगिन डिसेंबरात आले. मला वाटलं, तक्रार आत पडली असेल, पार्ट येईल तेव्हा येईल. असेही चार-पाच महिने लागतात. उघडून बघितलं नाही. ते मात्र खरं.

वकिलाला सांगितलं नाही कारण एकदा खोटं नाव वापरलं म्हटल्यावर पुढचं माझं कोण खरं मानणार? पण तुला सांगते. बुवांच्या नावाने शोध. सापडली की मग जे व्हायचं ते होऊ दे, पाचही जण मिळून ओरडा खाऊ.

मला आज पहिल्यांदा झोप येईल असं वाटतंय.

आत्या


२४ फेब्रुवारी

ठमे,

नऊ दिवस झाले. पत्र हरवलं का? की आजारी आहेस?

वर्कशॉपातला वायरमन काल भाजी घेताना दिसला. मला बघून पलीकडच्या रांगेत गेला. त्याचा दोष नाही, त्याला बजावलं असणार. पण भेंडी त्याने दोनदा निवडली, मी जाईपर्यंत.

अठरा दिवस उरलेत. नुसतं "सापडली" एवढं लिहून पाठव. कार्डावर चालेल.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आजारी नाही.

बुवांच्या नावाने शोधायची गरज पडली नाही. नाव वाचलं आणि कळलं.

सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस. थांबवता येत नाही म्हणूनच हे पत्रात लिहायचं धाडस होतंय.

डेटाबेस हलवायच्या दोन आठवडे आधी मी माणसांचा तक्ता साफ केला. निवृत्त झालेले, सोडून गेलेले, वारलेले, सगळे काढून टाकले. एकशे साठ नावं. तक्ता इतका नीटनेटका झाला की मी तो दोघा-तिघांना बोलावून दाखवला. मग शुक्रवारी जुनी फाइल बंद केली आणि तक्रारी नव्यात भरायला घेतल्या. सोमवारी सकाळी नऊ हॉस्पिटलं सुरू व्हायची होती. शनिवारी दुपारी पडद्यावर एकच वाक्य येऊ लागलं. तक्रार करणारा अस्तित्वात नाही. तक्रार करणारा अस्तित्वात नाही. चारशे बारा वेळा.

डेटाबेसचं बरोबर होतं. त्या तक्रारींच्या ओळींत ज्या माणसांचे क्रमांक होते, ती माणसं मी काढून टाकली होती. मी साहेबांना विचारलं. विचारलंही असं की उत्तर एकच येईल. म्हटलं, "सोडून गेलेल्या लोकांच्या काही जुन्या तक्रारी अडकल्यात, त्या घ्यायच्या का?" ते म्हणाले, "माणसंच गेली, तर तक्रारी कुणाच्या?" मी त्या सोडून दिल्या. एकही उघडून वाचली नाही. तारखाही पाहिल्या नाहीत. सप्टेंबरची तारीख आणि दीड वर्षापूर्वी निवृत्त झालेला माणूस, हे शेजारी-शेजारी दिसलं असतं तर कोणीही थबकलं असतं.

उपाय साधा होता. माणसांच्या तक्त्यात एक ओळ घालायची, "माजी कर्मचारी" अशी, आणि चारशे बारा तक्रारी तिच्या नावावर टाकायच्या. पाच मिनिटांचं काम. तेव्हाही सुचलं होतं. केलं नाही, कारण तक्त्यात एक खोटा माणूस आला असता. मला तो स्वच्छ हवा होता.

जुनी फाइल तीस दिवस ठेवतात. मग ती डिस्क दुसऱ्या कामाला जाते. गेले नऊ दिवस मी त्याच डिस्कवर काही उरलंय का बघत होते. तिच्यावर आता एक्स-रे आहेत. हजारो छात्या. मध्ये कुठेतरी जुन्या अक्षरांचे तुकडे मिळाले. "पंप", "गळ", "पुन्हा तेच". तुझं काही नाही.

आणि ती शेपटी माझी आहे.

तीन फेब्रुवारीला समितीकडून कागद आला. फक्त यंत्राचा क्रमांक, कारण लिहिलेलं नव्हतं. पहिला अंक सात होता, म्हणजे तुमची शाखा, हे मला दिसत होतं. मी शोधलं, शून्य ओळी आल्या, सही केली आणि जेवायला गेले. तुझं पत्र आलं तेव्हाच सहीचं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला विचारलं, नक्की नोंदवली होतीस ना.

मी चौदा तारखेला येते. समितीला हे सगळं सांगते.

ठमी


३ मार्च

यायचं नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. आज सोमवार. मधे मी काय केलं ते विचारू नकोस. इस्त्री केली. घरातलं सगळं इस्त्री केलं, पडदेसुद्धा.

तू डेटाबेसची हुशार असशील, माणसांची नाहीस. तुझं माझं आडनाव एक. तू उभी राहून सांगणार, साहेब, तक्रार होती, माझ्याकडून पुसली गेली. ते विचारणार, तुम्ही यांच्या कोण? भाची. लहानपणापासून कुणाकडे वाढलात? यांच्याच. संपलं. ज्या बाईने लिहून दिलं की तक्रार नव्हती, तीच आता म्हणते होती, आणि मधे काय झालं तर आत्या अडकली. तुझ्या हातात दाखवायला काय आहे? शून्य ओळी. त्याच शून्य ओळी पहिल्यांदा माझ्याविरुद्ध वापरल्या, आता माझ्या बाजूने वापरणार. खुळी आहेस का?

तू खरं बोलशील आणि मी दुप्पट खोटी ठरेन. वर तुझी नोकरी जाईल ती वेगळीच. मला दोन वर्षं उरलीत, तुला तीस.

हे झालं व्यवहाराचं. आता दुसरं.

डिस्क पुसली गेली, ते मी समजू शकते. मीही एकदा चालू पंप उघडला होता. सहीसुद्धा समजू शकते. पण मला सगळ्यांनी विचारलं, समितीने, वकिलाने, डीनच्या सेक्रेटरीने, की बाई, नक्की नोंदवली होती का. मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, ठमीला विचारा. मग ठमीने विचारलं.

ते जाऊ दे. जाणार नाही, पण जाऊ दे.

एक सांग. तू रडतेस माझ्या एका तक्रारीसाठी. बाकीच्या चारशे अकरांत काय होतं? आमच्याकडे सगळे बुवांच्या अंगात जायचे, तसं बाकीच्या आठ ठिकाणी नसेल कशावरून? त्यांत अजून किती घंट्या आहेत? त्या मशीनवर आत्ता, हे वाचतेस तेव्हा, कोण आहे?

तू मोजलंस?

आत्या


८ मार्च

आत्या,

तुझं पत्र परवा संध्याकाळी मिळालं. शेवटच्या ओळी वाचून मी खुर्चीत बसले ती अंधार पडला तरी दिवा लावायचा राहिला. नऊ दिवस मी एकच तक्रार शोधत होते. बाकीच्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

काल दुपारी जे केलं ते सांगते.

मजकूर गेला, पण क्रमांक गेले नव्हते. तक्रारींना ओळीने क्रमांक मिळतात आणि पहिला अंक शाखेचा. नव्या तक्त्यात जिथे क्रमांक उडी मारतो तिथे एक तक्रार होती. मी त्या उड्या मोजल्या. बरोबर चारशे बारा. तुमच्या शाखेच्या अडतीस.

मी त्या सगळ्या परत घातल्या. रिकाम्या. क्रमांक, शाखा, आणि प्रत्येकीत तीन वाक्यं. "ही तक्रार माझ्या हातून पुसली गेली. मजकूर माझ्याकडे नाही. ज्यांची असेल किंवा ज्यांना आठवत असेल त्यांनी खाली लिहावं." तक्रार करणाऱ्याच्या रकान्यात कुणीतरी हवंच, त्याशिवाय ओळ आत जात नाही. तिथे मी माझा क्रमांक टाकला. डेटाबेसने एकही ओळ नाकारली नाही.

दुपारी तीनला नऊही हॉस्पिटलांत ज्याने कोणी सॉफ्टवेअर उघडलं, त्याला सगळ्यात वर त्या दिसल्या. लाल.

पहिलं उत्तर अकरा मिनिटांत आलं, शाखा तीनमधून. "ही आमची. नवजात बाळांच्या पेटीचा तापमानाचा काटा दोन अंश कमी दाखवतो. पाच महिने वाट बघतोय, कोणी आहे का तिकडे?" मी लिहिलं, आहे. पेटी आत्ता बंद करा. मग शाखा एक, ऑक्सिजनच्या वाहिनीची झडप. मग पुन्हा तीन. मग फोन वाजायला लागले, सगळेच एकदम.

साहेब आले. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "हे काय लावलंयस? नऊ डीनचे फोन आलेत मला." म्हणाले, "पूस." मी म्हटलं, सगळ्या पुसल्या जाणार नाहीत. ज्या ओळीखाली कुणी उत्तर लिहिलंय ती ओळ डेटाबेस पुसू देत नाही. हा नियम मीच घातला होता, ऑक्टोबरात, आणि त्याचं त्यांनीच कौतुक केलं होतं. ते म्हणाले, "आणि रिकाम्या?" मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, रिकाम्या पुसता येतील.

सोमवारी सकाळी बाहेरून माणूस बोलावलाय, रिकाम्या काढून टाकायला. मला टेबल आवरायला वीस मिनिटं दिली. माझा लॉगिन पाच वाजता बंद झाला. तोवर चारशे बारांतल्या एक्केचाळीस भरल्या होत्या. तुमच्या अडतिसांतल्या चार. मी त्या चारही वाचल्या. निर्जंतुक करायची भट्टी, दोन खाटा, एक वजनकाटा. तुझी नाही.

तुझा लॉगिन बंद आहे. तुझ्या लोकांना बजावलेलं आहे. तुला फोन नाही, आणि हे पत्र तुला मिळेल तेव्हा सोमवार उलटून गेला असेल. शेजारणीच्या घरी फोन करावा म्हणून नंबर शोधला, नाही मिळाला. बाबांना पाठवावं असंही वाटलं. पण ते येऊन कुणाला काय सांगणार? भाऊच तो. आडनाव पुन्हा तेच.

मी तुझ्यासाठी नाही केलं, बाकीच्या चारशे अकरांसाठी केलं, असं लिहिणार होते. ते खरं नाही. प्रत्येक उत्तर उघडताना मी बेड चार शोधत होते. पेटीतल्या बाळाचं वाचलं, आणि पहिल्यांदा मनात काय आलं माहीत आहे? ही नाही.

समितीला मी पत्र पाठवलंय. सगळं लिहिलंय, नात्यासकट. विश्वास ठेवायचा का ते त्यांनी ठरवावं.

आता मी खोलीवर आहे. करण्यासारखं काही उरलेलं नाही. नुसतं वाट बघत बसायची ही जागा फार वाईट आहे.

ठमी


१६ मार्च

ठमे,

तुझं पत्र बारा तारखेला मिळालं. तुझ्या साहेबाच्या माणसाने सोमवारी सकाळी काम चोख केलं. आमच्या अडतिसांतल्या एकोणतीस गेल्या. नऊ राहिल्या. तू बघितलेल्या चार, आणि शनिवारी-रविवारी भरलेल्या पाच. हे मला चौदा तारखेलाच कळलं, सगळ्यांसमोर.

समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे डॉक्टर, ऐकायला कमी येतं, पण वाचायला चांगलं. त्यांनी आधी तुझं पत्र वाचलं. मला विचारलं, "ही तुमची कोण?" मी म्हटलं, भाची, आणि वाढवली मीच, त्यामुळे तिचं काही धरू नका. ते म्हणाले, "धरत नाहीच." मग पडदा आमच्याकडे वळवला आणि त्या नऊ एकेक करून उघडल्या.

आठवी वायरमनची होती. त्याने खाली आपलं नाव घातलं होतं आणि लिहिलं होतं की आम्ही पाचही जण बुवांच्या लॉगिनने नोंदवायचो, टेक्निशियन बाईसुद्धा. भेंडी निवडणारा तो.

नववी सिस्टरची. त्या दिवशी ड्युटीवर होत्या त्याच. गेले दीड महिना त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी रविवारी सकाळी लिहिलं होतं. "बेड चारचं श्वासयंत्र. नळी सुटली तरी घंटी वाजत नाही. अकरा सप्टेंबरला बाईंनी माझ्यासमोर तपासलं आणि मी सोबत वर्कशॉपात गेले, माझ्यासमोर नोंदवलं. पार्ट आला का, हे मी नोव्हेंबरात आणि जानेवारीत विचारलं होतं. हे आधी सांगितलं नाही, कारण मग मलाही माहीत होतं असं झालं असतं."

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, तक्रार केली होती हे समितीला मान्य आहे. लॉगिनबद्दल ताकीद मिळेल, बाकी आरोप काढून टाकला. पोलिसांचा विषय संपला. सोमवारपासून कामावर या. वकिलाने माझा हात धरून जोरजोरात हलवला.

मागच्या रांगेत त्या माणसाची बायको होती. मी आधी पाहिलं नव्हतं. हातात प्लास्टिकची पिशवी, आत त्याचे रिपोर्ट असावेत. तिने विचारलं, "मी बोलू का?" अध्यक्षांना ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली.

माझ्याकडे आणि सिस्टरकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं?"

सिस्टर खाली बघत होत्या. मी हो म्हटलं.

"मग ते यांना का लावलं?"

ओरडली नाही. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, दुसरं मशीन नव्हतं. ते खरं आहे. चारच आहेत आणि चारही लागलेली होती. ती म्हणाली, "मी होते ना. मी रोज बाहेर बाकावर बसलेली असायचे. मला सांगायचं, घंटी वाजत नाही, नळीकडे बघत बसा. मी बसले असते."

ठमे, मी सव्वीस वर्षं हे काम केलं. तक्रार नोंदवली की ते मशीन माझ्या डोक्यातून उतरायचं. माझं काम झालं, आता वरचे बघतील. एक कागद चिकटवायला किती वेळ लागतो? सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत मी त्या मशीनजवळून दिवसातून दोनदा गेले असेन. दीड महिना मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, मी तक्रार केली आहे, मी तक्रार केली आहे. आणि आता ती सापडली.

अध्यक्षांना वाटलं, झालं सगळं. त्यांनी फाइल मिटली, चष्मा खिशात टाकला. सगळे उठले, खुर्च्या सरकल्या. ती पुन्हा खाली बसली. मीही बसले. शिपाई येऊन खिडक्या लावायला लागला तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो, मध्ये तीन रिकाम्या खुर्च्या.

आत्या